जुन्या माणसाच्या लग्नाची पत्रिका घरी आलीय, जाऊ का नको?

वडगावची

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस हितं नुसतं वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ. आमच्या बेळगावात बायका पण आलो-गेलो असंच म्हणतात तर बाहेरच्यांनी गोंधळू नका, मी मुलगी आहे, वय २९, एका दवाखान्यात बिलिंगला बसतो.

विषय असा. एका मुलाबरोबर माझं पाच वर्षं होतं, कॉलेजपासून. तो कन्नड घरातला, अनगोळचा. आम्ही वडगावचे, घरात खाली पॉवरलूम आणि वर आम्ही राहतो. २०२२ च्या दसऱ्याच्या आसपास संपलं. ज्या चार मैत्रिणींना माहीत होतं त्यांना अजून वाटतं की भाषेमुळं संपलं, मराठी-कन्नड म्हणून. तसं अजिबात नाही. भाषेचं आम्ही दोघांनी चांगलं सांभाळून घेतलेलं. १ नोव्हेंबरला माझा भाऊ मराठी लोकांच्या काळ्या दिवसाच्या सायकल फेरीत, ह्या मुलाचे मित्र चन्नम्मा सर्कलला कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत, आणि आम्ही दोघं त्या दिवशी एकमेकांना "घरी पोचलास काय, पोचलीस काय" एवढा एकच मेसेज करायचो, दुसरं काही नाही. मोडलं ते साध्या कारणानं. त्याला बेंगळूरला नोकरी लागली, फोन कमी झाले, मी विचारायचो आणि तो नंतर बोलू म्हणायचा, असे आठ महिने गेल्यावर मीच म्हटलं बास. भांडण नाही, आरडाओरडा नाही. त्याचंच मला जास्त लागलं, की एवढ्या वर्षांचं संपताना त्यानं एकदा पण थांब म्हटलं नाही.

आता खरी गोष्ट. त्याची आई. मी त्यांना अव्वाच म्हणतो. सुरुवातीला मैत्रीण म्हणून त्यांच्या घरी जायचो, नंतर त्यांना कळलं पण त्या कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. माझं कन्नड शाळेतलं, पुस्तकी, अव्वांमुळं ते तोंडात बसलं. संपल्यावर वाटलं हे पण संपणार. तर पुढच्याच नागपंचमीला त्यांचा फोन, उंड्या, म्हणजे लाडू, करून ठेवल्यात घेऊन जा. मी गेलो नाही तर रिक्षा करून स्वतः आल्या आणि दारात डबा देऊन गेल्या. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी फोन. "ऊटा आतेन?" म्हणजे जेवलीस काय, एवढ्यापासून सुरुवात, मग गुडघे, बीपीची गोळी, शेजारीण. त्याचं नाव त्या पण काढत नाहीत, मी पण काढत नाही. गेल्या पंचमीचा डबा अजून आमच्या फडताळात आहे, परत द्यायचा राहिलाय.

तो गेल्या वर्षी बेंगळूर सोडून परत आला, उद्यमबागेत नोकरी करतो. बेळगाव केवढं ते तुम्हाला माहीतच आहे. शनिवारी गणपत गल्लीत दिसतो, विसर्जनाला कपिलेश्वरच्या पुलावर समोरासमोर आलो, तेव्हा दोघंही हसलो आणि गर्दीनं पुढं ढकललं. ठीक होतं. छातीत धडधडलं नाही असं म्हणणार नाही, पण ठीक होतं.

गेल्या रविवारी अव्वा घरी आल्या, हातात कुंकवाची डबी आणि पत्रिका. त्याचं लग्न. पुढच्या महिन्यात. आईला कुंकू लावलं, मला लावलं, माझ्या हातात पत्रिका दिली. पत्रिका सगळी कन्नडमध्ये, आईला वाचता येत नाही. त्या गेल्यावर आई म्हणाली कुणाचं गं लग्न, वाच की. मी वाचलं. त्याचं नाव, मग त्या मुलीचं नाव, मग तिच्या आईवडिलांचं, गावाचं, सगळं मोठ्यानं वाचून आईला मराठीत सांगितलं. आई तशी अर्धं ओळखून आहे, पप्पांना काहीच माहीत नाही. तिनं पत्रिका देवाजवळ ठेवली आणि म्हणाली तू ठरव.

तर विचारायचं ते दोन आहे. लग्नाला जावं काय? आणि अव्वांशी बोलणं चालू ठेवावं काय? माझ्या मनात आता त्याच्याबद्दल काही नाही असं मला वाटतं, पण अव्वांचा फोन नाही आला तर तो दिवस मला सुना जातो हे पण खरं. मैत्रिणी म्हणतात सगळं ब्लॉक कर. फोनवर ब्लॉक होईल, पण ते लोक राहतात दीड-दोन किलोमीटरवर.

टिळकवाडी२

सरळ सांगतो, राग मानू नको. मी त्या नवरीच्या जागी होतो.

माझ्या लग्नात ह्यांची आधीची मैत्रीण आलेली. मला काही माहीत नव्हतं. छान नटून आली, सासूबाईंच्या पाया पडली, जेवताना आत्यांच्या पंगतीत बसली आणि सगळ्या घराला तिचं नाव पाठ. मला वाटलं कुणी नात्यातली असेल. चार महिन्यांनी चुलत नणंद बोलता बोलता बोलून गेली. त्या मुलीनं काही वाईट केलं नव्हतं, नवऱ्यानं पण केलं नव्हतं, पण माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी आता तिला शोधतो. आठ वर्षं झाली. ज्याला त्याला माहीत होतं आणि मीच एकटी स्टेजवर उभी राहून हसत होतो, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न आहे. त्या मुलीला माहीत आहे काय? तिला माहीत असेल आणि तिला चालत असेल तर खुशाल जा. माहीत नसेल तर जाऊ नको, आणि अव्वांचे फोन पण आत्ताच आवर. कारण ती उद्या त्या घरात येणार, स्वयंपाकघरात उभी राहणार आणि सासू कुणाशी तरी तासभर मायेनं बोलताना ऐकणार. तिला काय वाटेल?

वडगावची

टिळकवाडी२, राग कशाला मानू. हे मला सुचलंच नव्हतं. मी आतापर्यंत फक्त माझा आणि अव्वांचा विचार केला, ती पत्रिकेतलं नुसतं नाव होती माझ्यासाठी. त्याला विचारायचं म्हणजे त्याला फोन करावा लागणार, अडीच-तीन वर्षांत केला नाही.

निपाणीकर

ताई मी निपाणीचा, वय ४१. आमचं लग्न झालेलं आणि मोडलेलं, त्यामुळं माझं थोडं वेगळं आहे पण सांगतो.

बायको कोल्हापूरची. पटलं नाही. दोघंही वाईट नव्हतो पण एका घरात दोघांचाही जीव गुदमरत होता. संमतीनं घटस्फोट घेतला. त्याला आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, मग दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि त्यानंतर सहा महिने थांबून परत कोर्टात सांगायचं की होय आमचं अजून हेच म्हणणं आहे. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की परिस्थिती बघून हे सहा महिने माफ करता येतात, वकिलानं विचारलं पण होतं, आम्हीच नको म्हटलं. आणि खरं सांगतो, त्या सहा महिन्यांनीच आम्हाला नंतरचं वागणं शिकवलं. तोपर्यंत आम्ही एकमेकांशी फक्त वकिलामार्फत बोलत होतो. त्या काळात मुलीला गोवर आला, तीन वर्षांची होती, आणि रात्री अकराला हिचा फोन आला की ताप उतरत नाही. त्या दिवसापासून आम्ही परत बोलायला लागलो पण फक्त मुलीचं. आजतागायत फक्त मुलीचंच.

मुलगी आईकडं कोल्हापुरात असते, एक आड एक शनिवारी माझ्याकडं येते. आता हितं बाहेरच्यांना कळणार नाही, पण आमच्यात मध्ये नुसता रस्ता नाही तर राज्याची हद्द आहे. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये कोगनोळी नाका. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर सगळंच बंद. २०२१ ला महाराष्ट्रातून कर्नाटकात यायचं तर आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवा, म्हणजे मी मुलीला बघायला तिकडं गेलो की परत घरी यायला रिपोर्ट लागणार, आणि दर पंधरा दिवसांनी नाकात काडी कोण घालून घेणार, पोरीच्या तर नाहीच नाही. तेव्हा आम्ही दूधगंगेच्या पुलाजवळ भेटायचो. ती तिकडून स्कूटीवर मुलीला घेऊन यायची, मी इकडून जायचो, रस्त्याकडेला गाड्या लावून पाऊण तास. मुलगी माझ्याकडं आणि ही लांब गाडीवर बसून मोबाईल बघत. एकदा पाऊस आला, छत्री एकच होती, तिनं ती मुलीच्या हातात दिली आणि स्वतः भिजत उभी राहिली. मी जवळ जाऊन म्हटलं तू पण ये छत्रीत, ती म्हणाली नको बरं आहे. तेवढंच. पण त्या दिवशी मला वाटलं की ह्या बाईला मी पाच वर्षांत कधी नीट बघितलंच नाही.

२०२२ च्या डिसेंबरात परत तेच. सीमाप्रश्न तापला, हिरेबागेवाडी नाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, एसटी बंद झाल्या. मुलीनं बाबाला भेटायचंच म्हणून हट्ट धरलेला. मी म्हटलं ह्या शनिवारी राहू दे. तर ही कागलपर्यंत आली आणि फोन केला, ये तू कर्नाटकची गाडी ठेव तिकडं आणि शेअर रिक्षानं ये. गेलो.

आम्ही मित्र नाही, ते "एक्स असलो तरी बेस्ट फ्रेंड" वगैरे आम्हाला जमणार नाही. वाढदिवसाचा मेसेज पण करत नाही. पण तिचे वडील गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला गेलो, मागं उभा राहिलो, आलो. जायच्या आधी तिला विचारलं येऊ काय, ती म्हणाली ये. विचारलं हे महत्त्वाचं आहे बघ. टिळकवाडीच्या ताई म्हणतात ते बरोबर आहे, पण मी म्हणतो नवरीला माहीत आहे काय हे पण तू बाहेरून शोधू नको, कुणा मैत्रिणीला विचारू नको, थेट त्यालाच फोन कर. दोन मिनिटांचा. दिवसा कर, रात्री करू नको. रात्रीच्या फोनला वेगळा अर्थ येतो, त्याला पण आणि तुला पण.

भट्टीवाला

मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, वय २७. निपाणीकर दादांसारखं मी वागलो नाही म्हणून लिहितोय, कारण हे पोरं पण वाचत असतील.

माझं मोडलं तेव्हा मी चार महिने तिच्या मागं होतो. तेव्हा मला ते मागं लागणं वाटत नव्हतं. शिफ्ट सुटली की घरी सरळ जायच्या ऐवजी तिसऱ्या रेल्वे गेटवरून जायचो कारण ती तिथं बसमधून उतरायची. काही बोलायचो नाही, फक्त गाडी लावून उभा. वाटायचं बोलत नाही म्हणजे काय त्रास देतोय. इन्स्टावर तिनं काढून टाकल्यावर दुसऱ्या नावानं आयडी काढून तिच्या स्टोऱ्या बघायचो. रात्री प्यायलो की मोठे मोठे मेसेज, सकाळी सॉरी.

मग एक दिवस ती उतरलीच नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. मला वाटलं आजारी आहे. आठवड्यानं तिची मैत्रीण भेटली, ती म्हणाली अरे ती आता आरपीडीच्या स्टॉपलाच उतरते आणि तिथून चालत येते, तुझ्यामुळं. पावसाचे दिवस होते. आरपीडीपासून तिचं घर काही जवळ नाही. मला तिचं ते चालणं डोळ्यांसमोर आलं, चप्पल हातात, ड्रेस भिजलेला, मागं वळून वळून बघत. मी ज्या मुलीवर प्रेम करतो म्हणत होतो ती मला भिऊन रस्ता बदलत होती. त्या दिवशी गाडीवर बसून रडलो आणि तो रस्ता सोडला तो सोडलाच. आयडी पण डिलीट केली. तिचे जे फोटो होते ते सगळे काढले, मित्राला समोर बसवून काढले म्हणजे परत मोह नको.

नंतर कळलं की हा गुन्हाच आहे. मुलीनं नको म्हटल्यावर परत परत मागं जाणं, संपर्क करायचा प्रयत्न करणं, नेटवर तिच्यावर पाळत ठेवणं, हे २०१३ पासून कायद्यात आहे, आता जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहितेत कलम ७८. पहिल्या वेळेला पण तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तिनं तक्रार केली नाही हा तिचा मोठेपणा. ज्या मुली असल्या त्रासात आहेत त्यांनी मोठेपणा दाखवू नका, ११२ ला फोन करा, कुणी फोटोची धमकी देत असेल तर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर नाव न सांगता पण तक्रार करता येते.

वडगावच्या ताई, तुमच्या माणसानं असलं काही केलं नाही, पुलावर हसून पुढं गेला. तो चांगला आहे. लग्नाचं मला कळत नाही. पण फोन केलात तर त्याला आधी सांगा कशासाठी केलाय, नाहीतर पहिल्या रिंगलाच माणसाच्या मनात नाही नाही ते येतं. मला तरी आलं असतं.

खानापूरची अक्का

पोरी, सगळं वाचलं. मी ५४ वर्षांची, गाव खानापूर तालुक्यात. आमच्या वेळी ब्रेकअप हा शब्द नव्हता पण मोडायचं तर होतंच की.

माझं ज्याच्यावर मन होतं तो आमच्याच गल्लीतला. बोलणं म्हणजे काय, विहिरीवर, भात मळणीच्या वेळी, एवढंच. माझ्या वडलांनी दुसरीकडं दिलं, चार कोसावरच्या गावात. त्याचं पण लग्न झालं, आणि त्याची बायको कोण, तर माझ्या नवऱ्याच्या मावशीची मुलगी. म्हणजे नात्यानं तो आता माझा नंदावाच. आता सांग, कुणाला ब्लॉक करणार?

पहिली दहा वर्षं मी माहेरी गेलो की त्यांच्या घरावरून जायचं टाळायचो, मागच्या वाटेनं, गोठ्याकडून. मग गावात महालक्ष्मीची यात्रा आली, बऱ्याच वर्षांनी. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, आमच्याकडं गावची लक्ष्मी यात्रा दरवर्षी नसते, कुठं बारा वर्षांनी, कुठं त्याहून जास्त, आणि आली की गावातल्या सगळ्या लेकी-बाळी, जावई, पाव्हणे, जे कुठं मुंबई-पुण्याला गेलेत ते सगळे परत येतात. आधी वार पाळायचे, घरं रंगवायची, आणि देवी गदगेवर, म्हणजे तिच्या बसायच्या जागेवर, बसली की आठ-नऊ दिवस कुणाच्या घरात चूल विझत नाही. तेव्हा मी कुठल्या मागच्या वाटेनं जाणार, सगळ्याच वाटा माणसांनी भरलेल्या. रथाच्या वेळी भंडारा उडालेला, सगळे पिवळे, डोळ्यांत भंडारा गेलेला, आणि त्या गर्दीत कुणीतरी माझ्या धाकट्याला खांद्यावर उचलून घेतलं, पोरगं चेंगरत होतं. पुसून बघतो तर तो. पोराला म्हणाला, "तुझी आई रथ बघताना कायम अशीच पुढं घुसायची." पोरानं विचारलं तुम्हाला काय माहीत. तो म्हणाला आम्ही एका गल्लीतले. खांद्यावरून उतरवून माझ्या हातात दिलं आणि बायकोला हाक मारली, अगं ही बघ कोण आलीय. ती धावत आली, मला घरी घेऊन गेली, तिच्या हातचं जेवलो.

त्या दिवसापासून पुढच्या वाटेनं जातो. तो आता आजोबा झालाय. दिसला की "कधी आलीस" म्हणतो, मी "सकाळी" म्हणतो. एवढंच बोलणं आहे आमचं आणि एवढंच पुरतं. पण सगळ्यांसमोर बोलतो, बायकोसमोर, नवऱ्यासमोर. गेल्या तीस वर्षांत एकदा पण एकट्यानं बोललो नाही, हे मात्र मी कटाक्षानं पाळलं.

तर माझं म्हणणं असं. लग्नाला जा, पण एकटी नको, मैत्रिणींबरोबर तर मुळीच नको, त्या तुझ्याकडं बघत बसणार. आईबरोबर जा. त्या बाईनं तुझ्या आईला कुंकू लावून बोलावलंय, आमंत्रण तुझ्या एकटीला नाही, घराला आहे. अक्षता टाका, आहेर करा, जेवा आणि या. स्टेजवर चढून फोटो नको. पप्पांना जेवढं सांगायचं तेवढं आई सांगेल, तू मध्ये पडू नको.

अव्वांचं मात्र अवघड आहे. निपाणीच्या दादांच्या मध्ये मुलगी आहे म्हणून ते धरून आहेत, तुमच्या मध्ये ही बाई आहे. माया खरी आहे तिची, त्यात वाद नाही. पण तिला आता सून येणार आणि तुला पण कधी ना कधी सासू येणार. मी म्हणत नाही तोड. पंधरा दिवसांचा फोन पंचमीवर आण. आणि हे फोनवर सांगू नको, जाऊन सांग. आणि त्यांचा डबा परत दे बाई, दुसऱ्याचा डबा वर्षभर ठेवतात काय. रिकामा देऊ नको.

टिळकवाडी२

अक्कांचं सगळं पटलं पण एका गोष्टीला माझा अजून विरोध आहे. तुमच्या त्या बाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, शेवटपर्यंत माहीत होतं काय? ती धावत आली, जेवायला घातलं, म्हणजे बहुतेक माहीत नव्हतं.

खानापूरची अक्का

माहीत होतं. जेवताना वाढता वाढता हळूच म्हणाली, "मला ह्यांनी पहिल्या वर्षीच सांगितलंय, तू संकोच करू नको." माझा घास हातातच राहिला. म्हणून तर जेवलो.

वडगावची

दहा दिवस लिहिलं नाही, माफ करा. सगळ्यांचं परत परत वाचत होतो.

फोन केला. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, दवाखान्याच्या मागच्या जिन्यावर उभा राहून. भट्टीवाला दादांनी सांगितलं तसं आधीच सांगितलं की पत्रिका मिळाली आणि एकच विचारायचंय. तो म्हणाला विचार. तिला माहीत आहे काय म्हटलं. होय, बघायला गेलो त्याच दिवशी सांगितलं म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, अव्वा तुझ्याशी बोलते ते पण सांगितलंय. मी म्हटलं बरं. मला वाटलेलं की तेव्हा थांब का म्हटलं नाहीस हे मी विचारणार, इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं, पण विचारायला गरजच वाटली नाही. त्यानंच म्हटलं, "मी तेव्हा नीट बोलायला पाहिजे होतं." मी होय म्हटलं. चार मिनिटं झाली, निपाणीकर दादांनी दोन सांगितलेली.

रविवारी अनगोळला गेलो. आईनं सकाळीच डबा घासून पुसून ठेवलेला, त्यात आमच्या घरचे बेसनाचे लाडू भरले. आई म्हणाली मी येऊ काय बरोबर, मी म्हटलं आज नको, लग्नाला ये. घरात रंगाचा वास, पडवीत गाद्या रचलेल्या, तो नव्हता, अव्वांनीच मुद्दाम बाहेर पाठवलेला असणार. डबा बघून त्या म्हणाल्या हा होय, मी शेजारणीकडं शोधत होतो. मग स्वयंपाकघरात बसलो, त्या चहा करत होत्या, पाठ माझ्याकडं. त्या पाठीलाच मी सांगितलं की आता फोन कमी करूया अव्वा, पंचमीला मी येतो, घरात सून आल्यावर तिलाच विचारा जेवलीस काय म्हणून. त्यांनी गॅस बारीक केला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग कन्नडमध्ये म्हणाल्या की मला पण तिच्या आईनं काल विचारलं, ती वडगावची मुलगी कोण, मी सांगितलं माझी लेक आहे. "मग लेकीला काय सांगायचं आता, तूच सांग." मला उत्तर आलं नाही. चहा प्यायलो दोघी. त्यांनी डबा रिकामा केला, लाडू पितळेच्या डब्यात काढले, आणि तोच डबा धुवून त्यात चटणीची पूड भरायला लागल्या. मी म्हटलं अव्वा नको, परत डबा माझ्याकडं राहणार. त्यांनी झाकण लावलं आणि पिशवीत घातला.

निघताना तोंडातून सवयीनं "होगी बर्तेनी" गेलं, येतो म्हणून. त्या हूं म्हणाल्या आणि दारातच उभ्या राहिल्या, मी कोपऱ्यावर वळेपर्यंत.

लग्नाला आई आणि मी जाणार. पप्पांना आईनं सांगितलं, काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण काल रात्री माग बंद करून वर आल्यावर ते म्हणाले अनगोळचं कार्यालय लांब पडतं, मी गाडीनं सोडतो. अक्का, आहेर काय करावा ते पण सांगा, साडी करावी काय नवरीला? आमच्याच मागावरची एक आहे, आंब्याच्या रंगाची.